रशिया वाचायला घेताय? १८६१ पासून सुरुवात करा

रशियाचा इतिहास नव्याने वाचणारे बहुतेक जण थेट १९१७ च्या क्रांतीवर उडी मारतात. तुम्ही तसं करू नका, आधी १८६१ गाठा. त्या वर्षी झार दुसऱ्या अलेक्झांडरने जमीनदारांच्या दोन कोटींहून अधिक भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना, मुक्त केलं. पण त्या मुक्तीच्या अटी नीट बघा. जमीन फुकट मिळाली नाही. सरकारने जमीनदाराला बरीचशी किंमत चुकती केली आणि शेतकऱ्याकडून ती ४९ वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करायचं ठरवलं. हप्त्यांची जबाबदारी एकट्यादुकट्याची नव्हे, अख्ख्या गावसमूहाची, म्हणजे ‘मीर’ची. म्हणून शहरात मजुरीला जायचं तरी गावाची परवानगी लागे. बऱ्याच भागांत मीर घरटी माणसं मोजून शेताच्या पट्ट्या पुन्हा वाटून देई. रशियन शेतकऱ्याचं मन समजून घ्यायचं तर इथे थांबाच, घाई करू नका. १९०५ च्या उठावाने हे हप्ते रद्द करायला लावले. मग शेतकऱ्याला मीरमधून बाहेर पडू देणाऱ्या, पंतप्रधान स्तोलिपिनच्या सुधारणा वाचा आणि त्यानंतरच जमीनदारांची मालकी संपवणारा १९१७ चा जमिनीचा हुकूम. सायबेरियाचा विचार मात्र वेगळा करा, तिथे जमीनदारांची भूदासपद्धत जवळजवळ नव्हतीच.