शाळकरी मुलांची शारीरिक साक्षरता, म्हणजे हालचालीची क्षमता, आत्मविश्वास, प्रेरणा आणि समज, खरोखर मोजता येते का? त्यासाठी कोणती चाचणी वापरावी?

मोजता येते, पण केवळ स्टॉपवॉच घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहिल्याने नव्हे. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून मी या मुद्द्यावर एका वरिष्ठ सहकाऱ्यांशी अनेकदा वाद घातला आहे. २० मीटरच्या शटल रनमध्ये (ठरावीक अंतरात वाढत्या वेगाने ये-जा धावण्याच्या चाचणीत) जो जास्त फेऱ्या धावतो तो सक्षम आणि बाकीचे आळशी, असे त्यांचे ठाम मत होते, आणि मुलांचे क्रमांक ते फलकावर लावत असत.

त्या यादीत नेहमी तळाशी असणारी एक मुलगी माझ्या वर्गात होती. उजव्या हाताने चेंडू फेकताना तिचा उजवाच पाय पुढे पडत असे. त्यामुळे कंबर वळत नसे आणि सगळा जोर एकट्या हातावर येई. डावा पाय पुढे टाकून फेकण्याचा सराव तिच्याकडून करून घेतल्यावर चेंडू लक्ष्यापर्यंत पोहोचू लागला, आणि मधल्या सुटीत भिंतीला टेकून उभी राहणारी ती मुलगी आपणहून खेळात उतरू लागली. शटल रनमधला तिचा क्रमांक मात्र होता तिथेच राहिला. एवढा बदल ज्या चाचणीला दिसत नाही, ती चाचणी अपुरी आहे, हे मी तेव्हा बैठकीत सांगितले होते आणि आजही सांगतो.

म्हणूनच कॅनडात ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी तयार झालेली 'सीएपीएल-२' ही शारीरिक साक्षरतेची चाचणी मला पटते. तिच्या १०० गुणांपैकी शारीरिक क्षमतेला ३०, रोजच्या हालचालीला ३०, प्रेरणा व आत्मविश्वासाला ३० आणि ज्ञान व आकलनाला १० गुण आहेत. शटल रन तिच्यातही आहे. पण जोडीला प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ धरून ठेवणे) आहे, आणि उड्या, झेल, फेक, लंगडी अशा कौशल्यांचा एक सलग टप्पा आहे, ज्यात वेळेबरोबर हालचाल कशी केली यालाही गुण मिळतात.

अर्थात, प्रेरणा व आत्मविश्वासाची प्रश्नावली भरताना मुले शिक्षकांना आवडेल तेच लिहितात, हे गृहीत धरावे लागते. शिवाय वयात येण्याचा वेग प्रत्येकाचा वेगळा असल्यामुळे एकाच वर्गातल्या दोन मुलांची तुलना फसवी ठरते. प्रगतिपुस्तकासाठी आकडा लागतो, हा त्या सहकाऱ्यांचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र तो आकडा त्या मुलाच्याच आधीच्या नोंदीशी ताडून द्यावा आणि फलकावर मुळीच लावू नये.