टॅब घेण्याआधी फाइल उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ७२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. मुलांनी आणि जुन्या सहकाऱ्यांनी पाठवलेल्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ ते फोनवर वाचतात. दोन बोटांनी मोठं कर, बाजूला सरकव, ओळ हरवली की परत मागे ये, याला ते कंटाळलेत. मग १५ हजारांत टॅब घ्यावा की किंडल (ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र)?

टॅब कुठला ते नंतर बघू. आधी बाबांच्या फोनवरची एक फाइल उघडा आणि कुठल्याही शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निळा होऊन निवडला गेला, तर आत खरा मजकूर आहे. काहीच झालं नाही, तर तो पानाचा फोटो आहे, कुणीतरी स्कॅन केलेला. कधी कधी शब्द निवडला जातो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ उतरते. म्हणजे ते पुस्तक श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवलेलं आहे. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण फोनच्या लेखी ती रोमन अक्षरंच. असल्या फाइलमध्ये शब्द शोधता येत नाही, आणि फोनला मोठ्याने वाचायला सांगितलं तर तो काहीतरी अगम्य पुटपुटतो.

या तिन्हींचं औषध वेगवेगळं आहे. खरा युनिकोड मजकूर (फोनलाही मराठी म्हणूनच कळणारा) असेल, म्हणजे ईपब किंवा नीट बनवलेलं ई-पुस्तक, तर आहे तो फोनही पुरतो. अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने बसतात, पान सरकवावं लागत नाही. फोटो असेल तर मात्र पानाएवढा पडदाच लागतो. (पीडीएफच्या ओळी सहसा अशा नव्याने बसत नाहीत; जुन्या फाँटची पीडीएफ तर वाचण्यापुरती फोटोच समजा.)

आता जरा फूटपट्टी घ्या. आपली बहुतेक मराठी पुस्तकं डेमी आकाराची, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. ६.५ इंची फोनचा पडदा उभा धरला तर रुंदीला जेमतेम पावणेतीन इंच भरतो. म्हणजे अख्खं पान त्यात बसवलं की छापील अक्षर निम्म्यावर येतं. बाबांचा दोष नाही, हे भूमितीच सांगते. उलट १०.१ इंची टॅबचा पडदा, १६:१० या प्रमाणातला, उभा धरला की सुमारे ५.३५ बाय ८.५५ इंच होतो. डेमी पुस्तक त्यावर ठेवून बघा, जवळजवळ झाकलं जातं. मी दुकानात खरंच पुस्तक घेऊन गेलो होतो. विक्रेता माझ्याकडे बघत राहिला, पण मला हवं ते कळलं.

याहून मोठी गंमत समासात आहे. डेमी पानातला छापलेला भाग रुंदीला चारेक इंचच असतो, बाकी कोरा कागद. रीडइरा, मून प्लस रीडर, लिब्रेरा यांसारख्या वाचनाच्या ॲपमध्ये पीडीएफचे समास कापून दाखवायची सोय असते. ती चालू केली की १० इंची टॅबवर अक्षर छापील पुस्तकापेक्षा पाव पटीने मोठं दिसतं. ८.७ इंची टॅबवरही ते छापील आकाराच्या थोडं वरच राहतं. फोन आडवा धरला तर अक्षर जवळजवळ दीडपट होतं, पण एका वेळी सातआठ ओळीच दिसतात. बसमध्ये ठीक, कादंबरीला त्रासदायक. टॅब घ्यायच्या आधी आज संध्याकाळीच बाबांना फोन आडवा आणि समास कापून देऊन बघा. पैसे वाचले तर वाचले.

किंडलचं म्हणाल, तर डिसेंबर २०१६ पासून तिथे मराठी पुस्तकं विकत मिळतात, आणि त्याच्या कागदासारख्या दिसणाऱ्या ई-शाईच्या पडद्यावर मराठी अक्षर फार सुंदर दिसतं. उन्हात ओसरीवर बसूनही वाचता येतं, चार्जिंगची आठवण आठवड्यांनी येते. बाबा विकत घेतलेली ई-पुस्तकं वाचणार असतील तर मी डोळे झाकून तेच सुचवलं असतं. पण त्यांचा साठा बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफचा आहे, आणि सहा-सात इंची पडद्यावर डेमी पान म्हणजे पुन्हा तीच रड. शिवाय किंडलवर पान मोठं करून सरकवणं संथ असतं. तुमच्या बाबतीत टॅबच.

मी स्वतः कुठे फसलो ते सांगतो. चार वर्षांपूर्वी सासऱ्यांसाठी सेलमध्ये १०.१ इंची टॅब घेतला. आकार बरोबर, किंमत झकास. घरी येऊन एक जुनं पुस्तक उघडलं, तर अनुस्वार आणि रफार यांचा नुसता धुरळा. ‘दुसऱ्या’मधला तो चिमुकला र दिसेना, ‘क्ष’ की ‘द्ध’ कळेना. कारण पडदा १२८० बाय ८००चा होता, म्हणजे इंचाला दीडशेच्या आसपास ठिपके. इंग्रजीला ते कसंबसं चालून जातं. आपल्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर, पायाशी, पोटात बारीकसारीक गोष्टी असतात, तिला चालत नाही. १९२० बाय १२०० म्हणजे इंचाला दोनशेच्या वर ठिपके, ही किमान पायरी धरा. ११ इंची टॅबलाही हाच आकडा साधारण पुरतो. त्या पहिल्या टॅबवर आता भाचा कार्टून बघतो.

रॅमही, म्हणजे टॅबची काम करायची तात्पुरती जागा, बघा. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संग्रहाच्या साइटवर जुनी मराठी पुस्तकं भरपूर आहेत, त्यांतली बरीच डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या जुनी पुस्तकं स्कॅन करणाऱ्या सरकारी प्रकल्पातून आलेली. त्या पीडीएफमधली चित्रं अशा पद्धतीने दाबलेली असतात की प्रत्येक पान उलगडताना प्रोसेसरला घाम फुटतो. २ जीबी रॅमच्या टॅबवर पान उलटलं की तीन-चार सेकंद पांढरा पडदा. म्हातारं माणूस त्या वेळात पुन्हा पडद्यावर बोट मारतं आणि दोन पानं पुढे जातं. ४ जीबीच्या खाली जाऊ नका. मेमरी कार्डाची खाच असली तर उत्तम, पुस्तकं कार्डावर ठेवता येतात आणि टॅब बदलला तरी हाताशी राहतात.

वजनाबद्दल कुणी बोलत नाही. १० इंची टॅब अर्धा किलोच्या घरात जातो. आरामखुर्चीत छातीवर धरून वाचायची सवय असेल तर मनगट दहा मिनिटांत बोलू लागतं. आमच्या सासऱ्यांनी यावर स्वतःच तोड काढली. ज्ञानेश्वरी ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड होतं, त्यावर ते टॅब ठेवतात. कोन अगदी बरोबर येतो. एक अडचण मात्र महिनाभर पुरली: पान उलटायच्या आधी बोट जिभेला लावायची पन्नास वर्षांची सवय. ओल्या बोटाने पडदा कधी ऐकतो, कधी नाही, आणि काचेवर डाग पडतात ते वेगळेच. शेवटी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाच्या बटणाने पान उलटेल असं करून दिलं. आता कडेचं बटण दाबतात, आणि बोट तरीही आधी जिभेला लावतात.

खऱ्या मजकुराची पुस्तकं वाचताना दोन गोष्टी जरूर करा. एक म्हणजे ओळी दोन्हीकडून सारख्या करणारी सोय बंद करून मजकूर डावीकडे ठेवा. मोठ्या अक्षरात फोनच्या एका ओळीत तीनचार शब्दच मावतात, आणि आपले शब्द ‘स्वातंत्र्यपूर्वकाळातल्या’ इतके लांब. ॲप ते तोडत नाही, मग आधीच्या ओळीत ही भली मोठी भगदाडं पडतात. दुसरं, फाँट बदलून बघा. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हा फाँट फुकट मिळतो आणि मोठ्या आकारात सुबक दिसतो. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हेही फुकट आहेत. निवडताना ‘ऱ्हास’, ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘क्लृप्ती’ हे शब्द तपासा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही बघा. हिंदी वळणाचा ल वाचून माझे सासरे अजूनही दर दोन पानांनी नाक मुरडतात, आणि मला ते पटतं.

एखादं अगदी आवडतं स्कॅन पुस्तक फोनवर हवंच असेल तर ते संगणकावरून गूगल ड्राइव्हमध्ये टाकून गूगल डॉक्सने उघडा. फोटोतली मराठी अक्षरं ओळखून तो मजकूर बनवतो. अख्खं पुस्तक एकदम टाकू नका, दहा-दहा पानांचे तुकडे करा. ध-घ आणि भ-म यांची गल्लत करतो, जुना छपाईचा खिळा झिजलेला असेल तर जास्तच. तरीही वाचनीय होतं. शिक्षक माणूस आहे, चुका दुरुस्त करण्यातच रमतील कदाचित.

फुकट आणि रीतसर वाचायलाही पुष्कळ आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांना खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत निघालेलं लेखन २०११ पासून खुलं आहे. मराठी विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड साइटवर अशी पुस्तकं थेट युनिकोडमध्ये मिळतात. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड वेबवर आहेत, संध्याकाळी एक नोंद उघडली तर बाबा जेवायला उठणार नाहीत. हयात लेखकांच्या नव्या कादंबऱ्या ग्रुपवर फिरतात त्या मात्र चोरीच्या, हे त्यांना एकदा सांगा. शिक्षकाला ते लगेच कळेल.

वेबवर लेख वाचायला फायरफॉक्स टाकून द्या. पत्त्याच्या पट्टीत पानाचं छोटं चिन्ह येतं, ते दाबलं की जाहिराती, उड्या मारणाऱ्या खिडक्या सगळं जातं आणि नुसता लेख उरतो, हव्या त्या अक्षरात. वृत्तपत्रांच्या साइटवर हाच फरक माणसाला चक्रावून टाकतो.

टॅब आणलात की हातात देण्याआधी एक संध्याकाळ तुम्ही स्वतः घालवा. वाचनाचं ॲप, फायरफॉक्स, फोन करायचं एखादं ॲप, एवढंच पहिल्या पडद्यावर ठेवा, बाकी लपवा. प्ले स्टोअरवर खरेदीला पासवर्ड लावा. लिंकवरून आलेलं एपीके (ॲप बसवायची फाइल) बसू नये म्हणून अनोळखी ॲपची परवानगी बंदच राहू द्या. पडद्याचं आपोआप फिरणं बंद करा, नाहीतर कुशीवर वळले की पान आडवं होतं आणि हाक तुम्हालाच येते.