१५ वर्षं होत आलेली मारुती ८०० घरीच दुरुस्त करून आरटीओ पासिंगला कशी न्यावी?

तुमची गाडी २०११ ची, रत्नागिरीत नोंदलेली, दोन वर्षं अंगणात उभी. काम घरी करायचंय आणि सुरुवात रंगापासून करावी का, असं तुम्ही विचारलंय. रंग सगळ्यात शेवटी. कोकणातल्या गाडीचं खरं काम तळाच्या पत्र्यात आणि ब्रेकमध्ये असतं. तिथे किती खर्च येतोय हे कळल्याशिवाय रंगावर एक रुपयाही घालू नका.

सीटा काढा, गालिचा उचला आणि त्याखालचे डांबरी थर खरवडून पत्रा उघडा करा. पाय ठेवायची जागा, रनिंग बोर्ड, बॅटरीचा ट्रे, मागच्या सस्पेन्शनच्या जोडाभोवतीचा भाग आणि दरवाज्यांची खालची कड, एवढं नीट बघा. जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दर दोन इंचांवर ठोका. ठण्ण वाजलं तर पत्रा जिवंत आहे. भदभद वाजलं तर तिथे टोकाने दाबा. पापुद्रा सुटला किंवा टोक आत गेलं तर तेवढा भाग कापायलाच हवा. गंज दिसतो त्याच्या कडेपासून निदान एक इंच पुढे, चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापा. वर पुट्टी किंवा फायबर मारून झाकाल तर निरीक्षकाच्या हातालाही ते कळतं, आणि त्या जागेत ताकद शून्य.

ठिगळाला ०.८ ते १ मिमीचा पत्रा पुरतो. वेल्डिंग मिगनेच (गॅसच्या आवरणात आपोआप तार सोडणाऱ्या मशिनने) करा. साध्या आर्क वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जळून भोकं पडतात. सलग शिवण न ओढता दोन-तीन सेंमीवर ठिपके द्या, एक इकडे, एक तिकडे, आणि मधली जागा नंतर भरा. नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो. त्याआधी बॅटरी सोडा, ईसीएमचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढा आणि तळाखालून पेट्रोलचे पाइप कुठून जातात ते बघून ते बाजूला करा. हात बसलेला नसेल तर पत्रा कापून, साफ करून ठेवा आणि दिवसभरासाठी वेल्डर बोलवा. यात कमीपणा काहीच नाही. मग झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर आणि शेवटी अंडरबॉडी कोटिंग. गंजावर थेट कोटिंग फासलं तर ओल आत कोंडते आणि पत्रा पहिल्यापेक्षा लवकर जातो. दरवाज्याच्या खालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करायला विसरू नका. दरवाजे बहुधा त्यामुळेच सडतात.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही भरवसा ठेवू नका. दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावा, त्याही पत्रा शाबूत असेल तिथेच.

आता ब्रेक. उभ्या गाडीचे मागचे शू ड्रमला चिकटतात, म्हणून हँडब्रेकची केबल सैल करून ड्रम कडेने ठोकत काढा. धूळ फुंकू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा आणि तोंडाला मास्क लावा. व्हील सिलिंडरचा रबर थोडा उचलून आत ओल दिसते का पाहा. ओल असेल तर दोन्ही बाजूंचे सिलिंडर बदला. एकच बदलला तर ब्रेक एका बाजूला ओढण्याचा धोका राहतो. पुढच्या पॅडचं अस्तर ३ मिमीपेक्षा कमी असेल तर नवे घाला. लोखंडी ब्रेक पाइपवर फोड आले असतील तर पूर्ण पाइप बदला. मधला तुकडा कापून रबरी नळी आणि क्लिप लावायचा जुगाड जोरात ब्रेक मारताच निसटतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे जुनं सगळं काढून नवं डॉट ३ भरा. एक लिटरची बाटली धुण्यासह पुरते. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

पीयूसीबद्दल (धुराच्या तपासणीबद्दल) थोडं सविस्तर, कारण गाड्या अडकतात त्या इथेच. एप्रिल २०१० पासून मुंबई-पुण्यासह तेरा शहरांत बीएस-४ हे धुराचे कडक निकष लागू झाले आणि ८०० तिथे बंद झाली. तुमची गाडी बीएस-३ आहे. तिला आयडलवर (गाडी उभी, अॅक्सिलरेटर न दाबता) कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा. दोन वर्षांचं पेट्रोल टाकीतून काढून टाका. एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, तीन प्लग आणि इंजिन ऑइल नवं घाला. तरीही सीओ जास्त आला तर आधी ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला, सायलेन्सरचा पाइप फुटलाय का ते बघा. त्या भोकातून हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं, ईसीएम आणखी पेट्रोल सोडतो आणि आकडा चढतो. सेन्सर बदलायचा खर्च बऱ्याचदा एका गॅस्केटने वाचतो. तपासणीआधी गाडी वीसेक मिनिटं चालवून न्या, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड असताना कामच करत नाही.

हेडलाइट मंद असतील तर बल्बवर पैसे घालण्याआधी बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट असेल तर अर्थिंगचा बोल्ट घासा. भिंतीपासून ५ मीटरवर डिपरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ ते ७ सेंमी खाली पडायला हवी. टायरची नक्षी १.६ मिमीच्या खाली गेलेली चालत नाही. नक्षी असूनही बाजूला भेगा असतील तर टायर बदलाच. काळी फिल्म आणि बुलबार काढा.

आरसीवरचा रंग बदलू नका. बदललाच तर आधी नोंद करून घ्या. चेसिस नंबर तारेच्या ब्रशने हलका साफ करा, ग्राइंडर अजिबात लावू नका. अंक झिजला तर पुढचं सगळं काम अडतं. फॉर्म २५, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज, नोंदणीची मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत भरता येतो. सोबत चालू विमा आणि पीयूसी लागतं, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटीही बसवून घ्या. वीस वर्षांच्या आतल्या कारला ५ हजार रुपये फी आणि वर पर्यावरण कर. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये चढतात, म्हणून पत्र्याचं काम पावसाळ्याआधी उरकून अर्जाची तारीख मागे मोजत या.