गावरान, कडकनाथ आणि आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) एकाच खुराड्यात ठेवता येतात का?

तुम्ही विचारलंय की नाशिकजवळ आडगावला घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे तीन-चार जातींच्या दहा-बारा कोंबड्या एकत्र ठेवल्या तर मारामाऱ्या होतील का, आणि सुरुवात बाजारातल्या मोठ्या कोंबड्यांनी करावी की पिल्लांनी.

एकत्र राहतात. मखमलाबादला आमच्या परसात आठ वर्षांपासून राहतायत. सध्या सहा गावरान, चार आरआयआर, तीन कडकनाथ आणि एक गिरिराज कोंबडा आहे. भांडणं जातीवरून होत नाहीत, अनोळखी कोंबडी आली की होतात. एकाच वयाची पिल्लं एका दिव्याखाली वाढली, तर कोण मोठं कोण धाकटं हे ती लहानपणीच ठरवून घेतात. म्हणून सुरुवात पिल्लांनीच करा, आणि सगळ्या जातींची पिल्लं एकाच आठवड्यात आणा.

मोठ्या कोंबड्या आणण्याची चूक मी केली आहे. तिसऱ्या वर्षी एका आठवडे बाजारातून तीन तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या) आणल्या आणि संध्याकाळी थेट खुराड्यात सोडल्या. पाच-सहा दिवसांत हिरवी पातळ हगवण सुरू झाली, मग एकेकीची मान पिरगळायला लागली. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग होता. अठरापैकी अकरा गेल्या. बाहेरून आणलेली कोंबडी मी आता किमान तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला वेगळ्या डालग्याखाली ठेवते, तिचं पाणी वेगळं, आणि तिच्याकडे जायचं ते शेवटी, आपल्या कोंबड्यांचं सगळं आवरून झाल्यावर. नंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून एकमेकींना नुसतं दिसू देते. मग अंधार पडल्यावर दांडीवर नेऊन बसवायची. पहिले दोन दिवस टोचाटोची होतेच, पण खाण्याची भांडी दोन ठिकाणी असली की दुबळी उपाशी राहत नाही.

त्या वर्षी लस दिली नव्हती, त्याचं कारणही सांगते. लासोटा या मानमोडीच्या लशीची बाटली निदान शंभर डोसची मिळते, आणि अठरा कोंबड्यांसाठी ती फोडायची म्हणजे वाया घालवणं, असं मला वाटलं. आता आजूबाजूची पाच घरं मिळून एकच बाटली आणतो, बर्फात ठेवून, आणि विरघळवली की लगेच संध्याकाळच्या थंड वेळी सगळ्यांकडे देऊन टाकतो. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब लासोटा, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचं आरटूबी इंजेक्शन. पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा तारखा लिहून घ्या.

जातींचा फरक मला सगळ्यात जास्त जाणवला तो खाण्यात. आरआयआर चांगल्या खाद्यावर वर्षाला दोनशेच्या वर अंडी देते, कडकनाथ ८० ते १००, गावरान त्याहूनही कमी. आरआयआरच्या हिशोबाने सगळ्यांनाच लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य घातलं तर त्यातला जास्तीचा चुना कोंबड्याच्या आणि वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. मी सगळ्यांना ग्रोअर खाद्य (वाढत्या कोंबड्यांचं), सोबत थोडा मका-बाजरीचा भरडा देते, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवते. अंड्यावर असलेली कोंबडी आपणहून तिकडे जाते, कोंबडा फिरकतही नाही.

जागेला माणशी म्हणतात तसं कोंबडीमागे रात्रीसाठी दोन चौरस फूट धरा, खाली तूस, आणि मुंगसाला घुसता येणार नाही अशी बारीक जाळी. दांड्या दोन उंचीवर लावा. गावरान उंच बसते, पण गिरिराजचं अंग जड, उंचावरून उडी मारली की पाय दुखावतात. कुंपण उंच हवंच, कारण गावरान उडून शेजारच्या द्राक्षबागेत जाते आणि ऑक्टोबर छाटणीनंतर तिथे सतत फवारण्या चालू असतात. त्या दिवसांत मी कोंबड्या सोडतच नाही.

कोंबडा एकच पुरे. नुसती खायची अंडी हवी असतील तर तोही लागत नाही. पिल्लं काढायची असतील तर मात्र मिश्र कळपाचा खरा फायदा दिसतो. आरआयआर आणि कडकनाथ सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत, गावरान होते. आमची एक गावरान दरवर्षी कडकनाथची अंडी उबवते. एकविसाव्या दिवशी काळीशार पिल्लं तिच्या पंखाखालून डोकं काढतात आणि ती त्यांना आपलीच म्हणून परसभर फिरवते. शुद्ध कडकनाथ हवी असेल तर मात्र कडकनाथचाच कोंबडा घेऊन त्यांना दोन-तीन आठवडे आधीपासून वेगळं ठेवावं लागतं, नाहीतर पिल्लं संकरित निघतात. अशी पिल्लं कडकनाथ म्हणून कुणाला विकू नका. आणि 'पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ' असं सांगणारा भेटला तर पैसे देऊ नका, २०१९ च्या सुमारास अशा योजनांत राज्यातले बरेच शेतकरी बुडाले.

पिल्लं डिसेंबर-जानेवारीत आणू नका. आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे, निफाडचा पारा तर पाचच्याही खाली जातो, आणि पहिल्या आठवड्यात पिल्लांना दिव्याखाली ३५ अंशांची ऊब लागते. रात्री वीज गेली तर सकाळी पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून मेलेली सापडतात. फेब्रुवारीच्या शेवटी आणा. जुलै-ऑगस्टमध्ये आरआयआरचं पहिलं अंडं मिळेल, गावरान आणि कडकनाथसाठी आणखी महिना-दोन महिने थांबावं लागेल.