धात जाते म्हणून दम लागतो का?

"सर, आठवड्यातून दोनदा धात जाते. रक्ताच्या शंभर थेंबांपासून एक थेंब बनतो म्हणतात. मी आतून पोकळ झालोय."

सागर (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) २२ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. १६०० मीटर धावायला त्याला आधी ५ मिनिटं ४० सेकंद लागायचे, आता सव्वासहा मिनिटं लागत होती. खुर्चीत बसताबसता त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची बाटली काढली. आत सकाळची लघवी, तळाला पांढरट गाळ. "हे बघा, रोज जातंय."

अशा मुलाला "काही नसतं रे, जा घरी" म्हणणं ही मोठी चूक. त्याचा थकवा खरा असतो, त्याने धरलेलं थकव्याचं कारण तेवढं चुकीचं असतं. हसून वाटेला लावलेला मुलगा तिथून उठतो तो थेट रस्त्याकडेच्या वैदूच्या तंबूत जातो. सागरही जाऊन आला होता. साडेचार हजारांचं चूर्ण झालं होतं. धात म्हणजे वीर्य गेल्याने ताकद जाते, या तक्रारीला 'धात सिंड्रोम' हे नाव मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये दिलं, इतकी ती आपल्याकडे जुनी आणि ओळखीची आहे.

पहिली अर्धी बैठक फक्त ऐकण्यात गेली. त्याने 'उष्णता वाढते' म्हणून अंडी सोडली होती. रात्री दोनला उठून कपडे तपासायचा, मग झोप लागायची नाही. साडेचारला मैदान. म्हणजे झोप जेमतेम पाच तास. उदासीची नऊ प्रश्नांची चाचणी, पीएचक्यू-९, भरून घेतली तेव्हा २७ पैकी १३ गुण आले, म्हणजे मध्यम उदासी. जीव नकोसा वाटतो का, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला. "नाही, पण कोणाला सांगताही येत नाही," असं म्हणाला. डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, साखर आणि लघवीची तपासणी करून घेतली. सगळं ठीक निघालं.

बाटलीचं उत्तर मात्र त्याच्या डोळ्यांसमोर द्यायला हवं होतं. प्रयोगशाळेतल्या ताईंनी ती गढूळ लघवी काचनळीत घेतली, सौम्य अ‍ॅसेटिक आम्लाचे चार थेंब टाकले आणि नळी हलवली. गाळ विरघळून लघवी नितळ झाली. सागर बराच वेळ नळीकडे बघत राहिला. ते फॉस्फेटचे क्षार होते. लघवी आम्लारी झाली किंवा थोडा वेळ ठेवली की ते तळाला बसतात. वीर्याचा त्यांच्याशी संबंध नाही. (गढूळपणा असा गेला नाही, तर पू किंवा दुसरं काही असू शकतं, म्हणून प्रयोग घरी करून निदान ठरवू नये.) शौचाला जोर लावल्यावर येणारा चिकट थेंब बहुधा प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव असतो.

मग हिशोब मांडला. वीर्य रक्त आटवून बनत नाही. त्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा द्रव असतो, शुक्राणू जेमतेम काही टक्के. एका वेळी साधारण २ ते ५ मिलिलिटर. त्यात प्रथिनं फार तर पाव ग्रॅम, तर एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. रोजची दोन अंडी सोडून सागर स्वतःच्या हाताने दिवसाला १२ ग्रॅम प्रथिनं घालवत होता! झोपेत वीर्य जाण्याला स्वप्नदोष म्हणतात; या शब्दातच 'दोष' बसलाय, म्हणून आम्ही त्याच्याशी बोलताना तो शब्द टाळला. कोणाला हे आठवड्यातून दोन-तीनदा होतं, कोणाला महिन्यातून एकदा.

समजावल्याने अर्धंच काम होतं. भीतीला खतपाणी घालते ती तपासण्याची सवय. रात्रीचं उठून बघणं आधी बंद केलं, मग सकाळी लघवी निरखणं. झोपण्याआधी दहा मिनिटं सावकाश श्वास: चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. आणि एक वही: झोपेचे तास, जेवण, धावण्याची वेळ, रात्री धात गेली की नाही.

तिसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. रात्री धात गेली म्हणून त्याने सकाळी मैदानच चुकवलं. न धावल्यामुळे भीती खरी की खोटी हे कळायची संधीही गेली. म्हणून ठरलं की पुढच्या वेळी नेमकं त्याच दिवशी धावायचं. वहीत नोंद पडली: धात गेली, झोप ७ तास, वेळ ५:४८. चार दिवसांनी दुसरी: धात नाही, झोप ५ तास, वेळ ६:१०. या दोन ओळींखाली त्याने पेनाने दोनदा रेघ ओढून आणली होती. सहाव्या बैठकीला चाचणीचे गुण ५ वर आले. ते उतरले नसते, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं ठरलंच होतं. अशा वेळी औषधांचा चांगला उपयोग होतो.

लघवीला जळजळ, पू, रक्त, लिंगावर जखम किंवा अंडकोशात दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. अंडकोशात अचानक तीव्र कळ आली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. मन बुडत असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र कधीही मराठीत बोलता येतं. नाव सांगावं लागत नाही.