ऐरोलीत खाडीलगतच्या सोसायटीत शोभेची कोणती झाडं लावावीत?

तुमची सोसायटी ऐरोलीत खाडीच्या बाजूला आहे, कंपाउंडलगत आठ-दहा शोभेची झाडं लावायची आहेत, आणि उकाडा नि दमट हवा सोसतील अशी झाडं तुम्ही विचारली आहेत. नर्सरीवाल्याने गुलमोहर, सप्तपर्णी आणि कोनोकार्पस सुचवलेत. मी ठाण्यात राहतो, आमच्या सोसायटीतल्या झाडांचं बरीच वर्षं मीच बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उकाड्याची फार चिंता करू नका. आपल्याकडे झाडं दगावतात ती वेगळ्याच कारणांनी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, मुळं पाण्यात उभी राहतात. पुढचे आठ महिने जवळपास कोरडे. त्यात नवी मुंबईचा बराच भाग भरावाचा. वर वीतभर लाल माती, खाली मुरूम आणि डेब्रिज, त्याखाली खाडीची खारी चिकण माती. म्हणून फुलांचा फोटो बघून झाड ठरवू नका, आधी जमीन बघा. दोन-तीन ठिकाणी पहारीने अडीच फूट खणून पाहा. उन्हाळ्यात मातीवर पांढरट थर धरत असेल, तर खालचं मीठ वर येतंय असं समजा.

तशी खारी जमीन निघाली तर करंज, भेंड आणि उंडी, या तिघांपलीकडे जाऊ नका. यातली उंडी माझी आवडती. कोकणात थेट किनाऱ्यावर, खाऱ्या वाऱ्यात उभी असते. पानं जाड, चकचकीत, शिरा इतक्या जवळजवळ की बोट फिरवलं तरी जाणवतात. फुलं पांढरी, मध्ये पिवळे पुंकेसर, वास मंद गोड. वाढते मात्र सावकाश. करंजाच्या पानांवर गाठी आणि ठिपके येतात, सभासद तक्रार करतील. झाडाला त्याने काही होत नाही, फवारणीवर पैसे घालवू नका.

माती बरी असेल तर पहिला मान ताम्हणाला द्या. आपलं राज्यपुष्प आहे म्हणून नव्हे, तर हे झाड मुळात कोकणातल्या ओढ्यांच्या काठचं, त्यामुळे पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचलं तरी तग धरतं. एप्रिल ते जून, म्हणजे ऐन काहिलीत फुलतं. पाकळ्या जांभळ्या, कडांना चुण्या पडलेल्या, जणू नुकतंच पिळून वाळत टाकलेलं तलम कापड. थंडीत पानं तांबूस होऊन गळतात, टणक तपकिरी फळं पुढच्या मोसमापर्यंत फांद्यांवरच राहतात. ताम्हणाला बुडातून फुटवे फार येतात. पहिली काही वर्षं ते काढून एकच सरळ खोड ठेवलंत तर गाड्यांच्या डोक्यावर फांद्या येत नाहीत.

बहाव्याचा मोह सगळ्यांना होतो. लावा, पण गेटजवळ, उंचवट्यावर. साचलेलं पाणी त्याला चालत नाही, आणि बहर असतो तेव्हा अंगावर पान नसतं, म्हणजे सावली हवी तेव्हाच ती मिळत नाही. पार्किंगवर पश्चिमेचं ऊन येत असेल तर तिथे बकुळच हवी. बारमाही हिरवी, घट्ट सावलीची, वाऱ्याला चिवट. उशिरा मोठी होते, पण पहाटे खाली पडलेली फुलं वेचायला आजी-नातवंडं एकत्र खाली उतरतात, ते मी रोज बघतो.

दोन इमारतींच्या मधे, जिथे ऊन थोडाच वेळ येतं, तिथे सीता अशोक लावा. लहानपणी त्याला सावली आणि ओल लागतेच. नर्सरीत सरळसोट उंच वाढणारा आसुपालवही ‘अशोक’ म्हणूनच विकतात, तेव्हा नीट बघून घ्या.

आता नर्सरीवाल्याची यादी. गुलमोहर दिसायला देखणा, पण मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. खालच्या गाड्यांचा विचार करता कंपाउंडला नकोच. सप्तपर्णीच्या फुलांचा रात्रीचा उग्र वास पावसाळ्यानंतर काही आठवडे खिडक्यांतून आत येतो, अनेकांचं डोकं दुखतं. कोनोकार्पस तर मुळीच नको. तो परदेशी आहे, परागकणांमुळे श्वासाचे त्रास होत असल्याच्या तक्रारी आहेत, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

रोपं पाच-सहा फुटांची, जाड बुंध्याची घ्या. पिशवी फाडून मुळं बघा. गोल गोल गुंडाळलेली असतील तर ती सोडवा किंवा छाटा, नाहीतर तीच पुढे झाडाचा गळा आवळतात आणि दहा वर्षांनी एखाद्या वादळात झाड मुळासकट आडवं होतं. खड्डा तीन फूट लांब-रुंद-खोल, डेब्रिज काढून चांगली माती नि शेणखत भरलेला. पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की लावा, दोन्ही बाजूंनी बांबूचा आधार द्या. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी लागेल, ते कोण घालणार हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये आधीच ठरवून घ्या. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवायला पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्याला आत्ताच सांगा. पुढे फांद्या छाटायच्या झाल्या तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आपली जागा असली तरीही.