माहेरचा हुकूम, सासरचा हुकूम

प्रिय भगिनी,

तुमचे माहेर साताऱ्याचे, सासर सोलापूरचे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेसाठी सगळे घरी जमले असताना चादर अंथरून मेंढीकोटाचा, म्हणजे चार दश्श्या (मेंढ्या) जिंकण्याच्या पत्त्यांच्या खेळाचा, डाव मांडला गेला. तिसऱ्याच हाताला तुमच्या भिडूने चौकटची दश्शी टाकली आणि चौकट संपलेल्या सासऱ्यांनी इस्पिकची दुर्री टाकून, "हाच हुकूम," म्हणत ती मेंढी उचलली. "ही रडी झाली," असे तुमच्या तोंडून निघून गेले, "आमच्याकडे असेच खेळतात," असे उत्तर मिळाले, आणि तेव्हापासून तुम्ही पत्त्यांना बसलेल्या नाहीत. खेळच तर आहे, मनावर काय घ्यायचे, असे यजमान म्हणतात.

ती रडी नव्हती. तुमच्या माहेरी बंद हुकूम खेळतात, म्हणजे एक जण हुकमाचे पान आधीच पालथे ठेवतो आणि ते उघडेपर्यंत बाकीच्यांना अंदाज बांधावा लागतो. सासरी मात्र उतारीचा, म्हणजे हातातल्या पहिल्या पानाचा, रंग ज्याच्याकडे प्रथम संपतो, तो जे पान टाकेल त्याचाच हुकूम होतो. त्यामुळे माहेरी निरुपयोगी वाटणारे चौकटचे एकुलते पान सासरी मोलाचे ठरते, कारण ते लवकर उतरवून हात मोकळा करणाऱ्याला हुकूम ठरवण्याची संधी मिळते, आणि हुकूम ठरण्याआधी दश्शी बाहेर काढणे धोक्याचे होते. पत्ते तेच 52, प्रत्येकाला पाने तीच 13, पण डोके चालवायची रीत पार बदलते. तुमची वर्षानुवर्षांची जाण त्या दुपारी एकाएकी कामाची उरली नाही, हे तुम्हाला लागले, आणि ते लागणे मला पूर्णपणे पटते. मन लावून खेळणाऱ्यालाच डावाची गोडी कळते, तेव्हा यजमानांचे म्हणणे मला मान्य नाही.

चूक झाली ती नियम पान पडल्यावर सांगितला गेला, ही. वडीलधाऱ्यांनीसुद्धा असे करू नये. पत्ते पिसण्याआधी हुकूम कसा ठरणार आणि मेंढ्या दोन-दोन झाल्या तर सात हात करणारे जिंकणार का, एवढे बोलून घ्यावे. (लहान मुलांना टाकलेले पान परत घेऊ देण्याची तुमच्या घरची सवलत मात्र जरूर राहू द्या.)

रडीचा शब्द तुम्ही मागे घ्या आणि सासऱ्यांना त्यांची रीत शिकवायला सांगा. सोबत, एक डाव बंद हुकमाचा खेळूया, असेही मोकळेपणाने म्हणा. पुढच्या खेपेला त्यांच्या समोर, त्यांचीच भिडू म्हणून बसा.

तुमची,
ताई